चिमणीची उंची

भात झोडून झाले, दिवाळी सरली, की शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत वीटभट्ट्यांचा हंगाम सुरू होतो. उचल घेतलेली कातकरी कुटुंबे पोराबाळांसह भट्टीवर येतात आणि भोंगा बांधून राहतात. भोंगा म्हणजे विटा रचून वर पेंढा नाहीतर प्लास्टिकचा कागद टाकलेले, वाकूनच आत शिरावे लागेल असे खोपटे. पहाटेच्या अंधारात माती भिजवून तुडवायची, साच्यातून विटा पाडायच्या, उन्हात वाळवायच्या आणि वाळल्या की एकावर एक रचून भट्टी उभी करायची. रचताना थरांमध्ये कोळशाची भुकटी आणि भाताचा तूस भरतात. एकदा भट्टी लावली की ती कित्येक दिवस धुमसत राहते. या भट्टीला चिमणी नसते. ढिगाच्या फटीफटींतून धूर निघतो आणि पौष-माघाच्या थंडीत वर न चढता भोंग्यांवर, ओढ्यावर, शेजारच्या पाड्यावर पडून राहतो. पालघर वेगळा होण्यापूर्वीचा, म्हणजे १ ऑगस्ट २०१४ पूर्वीचा ठाणे जिल्हा डोळ्यांसमोर आणला, तर त्याच्या दुसऱ्या टोकाला, डहाणूच्या खाडीकाठी, औष्णिक वीजकेंद्राची २७५ मीटर उंचीची चिमणी दिसते. तिचा धूर लांबून दिसतो, पण पायथ्याशी उभ्या असलेल्या माणसाच्या नाकाला सहसा लागत नाही. एका धुराला चिमणीच नाही आणि दुसऱ्याला गरजेपेक्षा उंच चिमणी आहे. आपल्याकडे हवेचे नियम कसे झाले आणि कोणाच्या दबावाने ढिले पडले, हे समजून घ्यायचे तर हे दोन्ही धूर एकत्र पाहावे लागतात.

या सगळ्या इतिहासातून एकच गोष्ट मला पुन्हा पुन्हा दिसते. धूर आरोग्याला घातक आहे, हे उद्योगाने उघडपणे क्वचितच नाकारले. त्याने मोजण्याची जागा बदलली. चिमणीच्या तोंडातून किती विष बाहेर पडते, हे मोजायला हवे तेव्हा चिमणीच्या पायथ्याशी किती सापडते, तेवढे मोजू या, असे तो म्हणत राहिला. पायथ्याशी कमीच सापडणार, कारण चिमणी त्यासाठीच उंच बांधलेली असते. सरकारने हे म्हणणे एकदा नाकारले, मग मुदतीमागून मुदत देत अर्धे मान्य केले आणि शेवटी जवळजवळ पूर्ण मान्य केले. त्याची किंमत ज्यांच्या नाकाशी कोणतेही यंत्र बसवलेले नाही, त्या गावांनी मोजली.

सुरुवातीला दोन प्रकारच्या मर्यादांमधला फरक स्पष्ट करायला हवा, कारण साऱ्या युक्तिवादाची गफलत तिथेच आहे. एक मर्यादा सभोवतालच्या हवेची असते आणि दुसरी चिमणीच्या तोंडाची. सभोवतालच्या हवेची राष्ट्रीय मानके केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने १९८२ साली प्रथम आणली आणि १९९४ मध्ये सुधारली. त्या १९९४ च्या तक्त्यात तीन रकाने होते: औद्योगिक भाग, निवासी व ग्रामीण भाग, आणि संवेदनशील भाग. हवेतल्या एकूण तरंगत्या धुळीची २४ तासांची मर्यादा निवासी भागात घनमीटरला २०० मायक्रोग्रॅम होती, औद्योगिक भागात मात्र ५००. म्हणजे कारखान्याच्या भिंतीला लागून असलेल्या चाळीतल्या फुप्फुसाला अडीच पट धूळ चालते, असे सरकारी कागद सांगत होता. नोव्हेंबर २००९ च्या सुधारणेत हा वेगळा औद्योगिक रकाना काढून टाकला, पीएम २.५ या अतिसूक्ष्म कणांसाठी वर्षाला सरासरी ४० मायक्रोग्रॅमची मर्यादा प्रथमच आली. ते पाऊल मोठे होते आणि त्याचे श्रेय द्यायलाच हवे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हीच वार्षिक पातळी ५ वर आणली, आपली अजून ४० वरच आहे. पण सभोवतालच्या हवेच्या मानकाची मूळ अडचण निराळी आहे. ते मोडले तर दोषी कोण, हे त्यातून कळत नाही. हवा सगळ्यांची असते, म्हणून आरोपी कोणीच नसतो. चिमणीच्या तोंडाशी लावलेल्या मर्यादेला मात्र मालक असतो, पत्ता असतो, परवाना असतो. म्हणून उद्योगाचा सगळा जोर या दुसऱ्या मर्यादेवर पडला.

कोळशाच्या वीजकेंद्रांना ही दुसरी मर्यादा गंधक वायूच्या बाबतीत २०१५ पर्यंत नव्हतीच. सल्फर डायऑक्साइड किती सोडावा याचा आकडा नव्हता, फक्त चिमणी किती उंच बांधावी याचा होता: ५०० मेगावॉट आणि त्यावरच्या संचासाठी २७५ मीटर, त्याखाली २०० मेगावॉटपर्यंतच्या संचासाठी २२०. वायू जितका वरून सोडाल तितका तो लांब पसरेल आणि पातळ होईल, असा त्यामागचा हिशेब. पातळ झाला म्हणजे नाहीसा झाला, असे त्यात गृहीत धरले होते. हवेत गेलेला हा वायू काही तासांत, काही दिवसांत ओलाव्याशी आणि इतर वायूंशी संयोग पावून सल्फेटचे सूक्ष्म कण बनवतो. हे कण पीएम २.५ मध्ये मोडतात, वाऱ्यावर शेकडो किलोमीटर जातात आणि थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत उतरतात. चिमणीच्या पायथ्याशी यंत्र ठेवून सल्फर डायऑक्साइड मोजला तर तो मर्यादेत निघतो, आणि दोन जिल्हे ओलांडून गेलेले सल्फेट कोणत्या चिमणीचे, ते विचारायला तिथे कोणी नसते.

धूर धुण्याचे तंत्र भारताला परके होते, असे मात्र नाही. मुंबईत तुर्भ्याच्या टाटा वीजकेंद्रातल्या ५०० मेगावॉटच्या संचाला समुद्राच्या पाण्याने धूर धुणारे संयंत्र १९८८ साली बसले होते. समुद्राचे पाणी मुळात अल्कधर्मी असते. धूर त्याच्या फवाऱ्यातून नेला की गंधक वायू पाण्यात विरघळतो. या संयंत्राला इंग्रजी आद्याक्षरांवरून एफजीडी म्हणतात. जिथे समुद्र नाही तिथे हेच काम चुनखडीच्या पाण्याने करतात आणि त्यातून जिप्सम निघते. ही १९८८ ची तारीख वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण पुढे तीस वर्षांनीही तंत्र नवे आहे, पुरवठादार मिळत नाहीत, अनुभव नाही, अशी कारणे देशभरातून ऐकू येणार होती.

डहाणूची गोष्ट इथे सुरू होते. मुंबईच्या उपनगरांना वीज पुरवणाऱ्या बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय, म्हणजे बीएसईएस, या कंपनीला डहाणूत ५०० मेगावॉटच्या केंद्राची परवानगी मिळाली १९८९ साली. चिकूच्या बागा, वारली पाडे आणि मासेमारी यांवर जगणारा हा तालुका. वीज मुंबईची आणि राख-धूर डहाणूचा, ही वाटणी कोणाला मान्य होणार? तानसा आणि भातसा धरणांचे पाणी मुंबईला गेलेले पाहिलेल्या शहापूरकरांना या वाटणीची वेगळी ओळख करून द्यायला नको. स्थानिक पर्यावरण संस्था आधी उच्च न्यायालयात आणि मग सर्वोच्च न्यायालयात गेल्या. मार्च १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकल्प थांबवण्यास नकार दिला. हरलेल्या त्या खटल्यातून एक गोष्ट मात्र हाती आली. परवानगीच्या अटींमध्ये धूर धुण्याच्या संयंत्राची अट होती, आणि परिणामांचा पूर्ण विचार केल्याशिवाय ती शिथिल करू नये, असे न्यायालयाने बजावले. त्याच वर्षी २० जूनला केंद्राने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित केला. तालुक्यातल्या उद्योगांसाठी एकूण ५०० एकरांची कमाल मर्यादा घातली आणि भोवती २५ किलोमीटरचा संरक्षक पट्टा आखला.

केंद्र सुरू झाले ते १९९५ च्या सुमारास, आणि धूर धुणाऱ्या संयंत्राविना सुरू झाले. पर्यावरणवादी बिट्टू सहगल यांच्या याचिकेवर ऑक्टोबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डहाणूसाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमण्याचा आदेश दिला. त्याचे अध्यक्ष झाले मुंबई उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी. ते २०१९ च्या जानेवारीत वारले तोपर्यंत या पदावर होते. पर्यावरण संरक्षण कायद्याखालचे अधिकार असलेले, पण वीज खात्याला उत्तर द्यायला न लागणारे असे प्राधिकरण एका तालुक्याला मिळणे ही आपल्याकडे फार दुर्मीळ गोष्ट आहे. या प्राधिकरणाने १९९८ मध्ये वाढवणच्या बंदराला नकार दिला आणि मे १९९९ मध्ये बीएसईएसला एफजीडी बसवण्याचा आदेश दिला. आमचा कोळसा कमी गंधकाचा आहे, हवा मर्यादेत आहे, तेव्हा संयंत्राची गरज नाही, असे कंपनीचे म्हणणे होते. पुढे हेच वाक्य दिल्लीत जसेच्या तसे ऐकू आले, म्हणून ते इथे नोंदवले पाहिजे. वर्षे गेली, कंपनी रिलायन्सकडे गेली, आदेश तसाच राहिला. २००५ मध्ये प्राधिकरणाने संयंत्राच्या पूर्ततेसाठी ३०० कोटींची बँक हमी मागितली. शेवटी २००७ मध्ये डहाणूत समुद्राच्या पाण्यावरचे संयंत्र सुरू झाले. परवानगीतली अट प्रत्यक्षात यायला १८ वर्षे लागली. त्यानंतरही केंद्र चालू राहिले, उपनगरांचे दिवे पेटत राहिले आणि कंपनी बुडाली नाही. अट पाळली तर वीजधंदा बसेल, या भाकिताची कसोटी आपल्या जुन्या जिल्ह्यातच होऊन गेली होती.

डहाणूला तालुक्यापुरते जे मिळाले, ते देशभर मिळण्याची संधी ७ डिसेंबर २०१५ ला आली. त्या दिवशी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने कोळशावरच्या सर्व वीजकेंद्रांसाठी धूळ, सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजन ऑक्साइड आणि पारा यांच्या चिमणीच्या तोंडाशी मोजायच्या मर्यादा अधिसूचित केल्या. २००३ पूर्वीच्या संचांना धुळीची मर्यादा घनमीटरला १०० मिलिग्रॅम, त्यानंतरच्यांना ५०, आणि २०१७ पासून सुरू होणाऱ्यांना ३०. सल्फर डायऑक्साइडला मोठ्या संचांसाठी २००, लहानांसाठी ६००, नव्यांसाठी १००. उंचीऐवजी आकडा आला. जुन्या केंद्रांना दोन वर्षांची मुदत होती. ती डिसेंबर २०१७ मध्ये संपली तेव्हा केंद्रीय मंडळाने केंद्रांना पत्रे पाठवून ती २०२२ पर्यंत नेली. ऑक्टोबर २०२० मध्ये २००४ ते २०१६ दरम्यानच्या संचांची नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा ३०० वरून ४५० झाली. १ एप्रिल २०२१ ला केंद्रांचे तीन गट पाडले: दिल्ली परिसर किंवा दहा लाखांवर वस्तीच्या शहरापासून १० किलोमीटरच्या आतले ‘अ’, अतिप्रदूषित क्षेत्र किंवा मानके न पाळणाऱ्या शहराजवळचे ‘ब’ आणि उरलेले सगळे ‘क’. सप्टेंबर २०२२ मध्ये गंधक वायूची मुदत पुन्हा दोन वर्षांनी वाढली. डिसेंबर २०२४ मध्ये आणखी तीन वर्षांनी. आणि ११ जुलै २०२५ ला ‘क’ गटाला, म्हणजे देशातल्या सुमारे ७८ टक्के संचांना, गंधक वायूच्या मर्यादेतून सूट मिळाली. सवलतीची अट एकच, चिमणी ठरलेल्या उंचीची असावी. दहा वर्षांनी आपण पुन्हा उंचीवर आलो.

हे घडवले कोणी? अमेरिकेतल्या अशाच लढाईशी तुलना केली तर उत्तर अधिक स्पष्ट होते. तिथे १९९३ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी सहा शहरांतल्या आठ हजारांहून अधिक प्रौढांचा १४ ते १६ वर्षांचा मागोवा प्रसिद्ध केला. सर्वांत मळक्या हवेच्या शहरातला मृत्युदर सर्वांत स्वच्छ शहराहून २६ टक्के जास्त निघाला. त्याच्या आधारे १९९७ मध्ये सूक्ष्म कणांची मर्यादा आली, तेव्हा तेल, वाहन आणि कारखानदारांच्या संघटना उघडपणे विरोधात उतरल्या. संशोधनाची मूळ माहितीच द्या, अशी मागणी झाली. मग निम्मा पैसा वाहन उद्योगाकडून येणाऱ्या एका संस्थेने सगळे गणित पुन्हा तपासले आणि २००० साली निष्कर्ष तेच आहेत असे जाहीर केले. २००१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की हवेचे मानक ठरवताना खर्चाचा विचार करता येणार नाही. विचार आरोग्याचाच. आपल्याकडे कायद्यात अशी रेघ स्पष्ट आखलेली नाही, आणि विरोध करणाराही समोरासमोर उभा नसतो. खासगी वीज उत्पादकांची संघटना होती, ती आपल्या सदस्यांसाठी बोलली आणि त्यात लपवण्यासारखे काही नाही. पण देशातली सर्वांत मोठी वीज कंपनी एनटीपीसी सरकारी आहे, राज्यांची महामंडळे सरकारी आहेत, आणि मुदतवाढ मागणारी पत्रे वीज मंत्रालयाने पर्यावरण मंत्रालयाला लिहिली. मागणारेही सरकार आणि देणारेही सरकार. अशा व्यवस्थेत आजारी माणसाच्या बाजूने बोलायला टेबलाशी खुर्चीच नसते. डहाणूच्या प्राधिकरणाने ती खुर्ची ठेवली होती, आणि फरक तिथेच पडला.

आता सवलतीच्या बाजूने काय म्हटले जाते ते नीट ऐकून घेतले पाहिजे, कारण त्यातले सगळे काही पोकळ नाही. पहिला मुद्दा, भारतीय कोळशात गंधक अर्ध्या टक्क्याहून कमी असते. खरे आहे. पण हिशेब मांडून पाहा. ५०० मेगावॉटचे केंद्र पूर्ण भाराने चालले तर भारतीय कोळसा दिवसाला सात-आठ हजार टन लागतो, कारण या कोळशात गंधक कमी आणि राख फार, उष्णता थोडी. सात हजार टनांत अर्धा टक्का धरला तर गंधक झाले ३५ टन. जळताना त्याला तितक्याच वजनाचा ऑक्सिजन चिकटतो, म्हणजे रोज ७० टन सल्फर डायऑक्साइड. वर्षाला पंचवीस हजार टन, एका केंद्रातून. टक्केवारी लहान असल्याने टन लहान होत नाहीत. दुसरा मुद्दा असा की नागपूरच्या नीरीसारख्या संस्थांच्या अभ्यासात केंद्रांभोवतीची हवा गंधक वायूच्या मर्यादेत आढळली. तीही नोंद खरी मानू. पण तो अभ्यास वायूच्या प्रश्नाचे उत्तर देतो, कणाच्या प्रश्नाचे देत नाही. नदीच्या उगमाशी विष टाकून उगमाशीच पाणी तपासायचे आणि ते वाहून गेले म्हणून निर्मळ ठरवायचे, त्यातला हा प्रकार आहे. तिसरा मुद्दा, चुनखडी काढण्या-वाहण्यात आणि संयंत्र चालवण्यात कार्बन डायऑक्साइड वाढतो. वाढतो, पण केंद्र जाळते त्या कोळशाच्या कार्बनपुढे तो फार थोडा आहे, आणि ज्यांनी कोळसा कमी करण्याचा आग्रह कधी धरला नाही त्यांनी तो मुद्दा पुढे करावा हे पटत नाही.

चौथा मुद्दा पैशाचा, आणि तो गरीब ग्राहकाच्या नावाने मांडला जातो. संयंत्रामुळे वीज युनिटमागे २५ ते ३० पैशांनी महागेल, असा अंदाज उद्योगाकडून सांगितला गेला. तो आकडा तसाच मान्य करू. २०२१ च्या अधिसूचनेत मर्यादा न पाळणाऱ्यांना दंड होता युनिटमागे ५ पासून जास्तीत जास्त २० पैसे. म्हणजे नियम पाळण्यापेक्षा मोडणे स्वस्त पडेल, अशी रचना कागदावरच होती, आणि मुदती पुढे जात राहिल्याने तो दंडही लागला नाही. बरे, संयंत्राचा खर्च कंपनीच्या खिशातून जाणार होता असेही नाही. हा खर्च ‘कायद्यातील बदल’ म्हणून वीजदरात वसूल करता येईल, असे वीज मंत्रालयाने २०१८ मध्येच नियामक आयोगाला कळवले होते. मग विरोध का? कारण वीज स्वस्त असेल त्या केंद्राला आधी चालवायचे, असा वीजखरेदीचा क्रम आहे. ज्याने संयंत्र बसवले त्याची वीज महाग होते आणि तो रांगेत मागे जातो. ज्याने बसवले नाही तो पुढे राहतो. ही प्रामाणिक उद्योजकाची खरी अडचण आहे आणि तिच्यावर उपाय एकच होता, सर्वांना एकाच तारखेला एकच नियम. प्रत्येक मुदतवाढीने नेमका तोच उपाय मोडला आणि आधी पैसा घातलेल्यांना शिक्षा झाली. गरीब ग्राहकाचे म्हणाल, तर त्याला २५ पैसे नकोत हे कबूल. पण दम्याचे औषध, तालुक्याच्या दवाखान्यापर्यंतचे गाडीभाडे आणि बुडालेला रोज त्याच ग्राहकाच्या खिशातून जातो. त्या खर्चाचा रकाना वीजदराच्या तक्त्यात नसतो, एवढाच फरक.

पाचवा मुद्दा शहापूर-मुरबाडला सर्वांत जवळचा. गावातला धूर गावातच होतो, चुलीचा, भट्टीचा, राबाचा, तेव्हा दूरच्या चिमण्यांना दोष का द्यायचा? यात तथ्य आहे. कातकरी बाईच्या फुप्फुसात जाणारा बराचसा धूर तिच्या चुलीतून आणि शेजारच्या भट्टीतून येतो, हे नाकारून चालणार नाही. पण गावच्या धुराला सरकारने कसे वागवले, तेही पाहावे. राब म्हणजे पावसापूर्वी भाताच्या रोपवाटिकेवर फांद्या, पाला, शेण, गवत पसरून जाळणे. त्यासाठी शेतकरी जंगलातून किती फांद्या तोडतो, यावर इंग्रजांच्या काळात ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत इतके निर्बंध आले आणि इतका असंतोष झाला की १८८५ मध्ये त्यासाठी मुंबई वन आयोग नेमावा लागला. प्रश्न धुराचा नव्हता, लाकडाचा होता. पण डोईवरच्या भाऱ्याचा हिशेब ठेवणारी आणि दिवसाला सात हजार टन जाळणाऱ्याला पत्राने पाच वर्षे देणारी शासनव्यवस्था एकाच मातीत वाढली, हे विसरता येत नाही.

वीटभट्ट्यांसाठीही नियम झाले. २२ फेब्रुवारी २०२२ च्या अधिसूचनेने जुन्या भट्ट्यांना झिगझॅग पद्धत किंवा उभ्या शाफ्टची भट्टी स्वीकारायला सांगितली. मानके न पाळणाऱ्या शहरापासून १० किलोमीटरच्या आत असाल तर एक वर्षात, बाहेर असाल तर दोन वर्षांत. चिमणीतल्या धुळीची मर्यादा २५० मिलिग्रॅम ठरली. वस्ती आणि फळबागांपासून ८०० मीटर अंतराची अटही आली. पण ढिगाने लावलेल्या भट्टीला चिमणीच नसेल तर २५० मिलिग्रॅम मोजायचे कुठे? आणि भट्टीचीच वस्ती असलेले भोंगे भट्टीपासून ८०० मीटर दूर कसे धरायचे? नव्वदच्या दशकात विधायक संसद या संस्थेने भट्ट्यांवर भोंगाशाळा चालवल्या, तेव्हा तिथे मुले राहतात याची दखल निदान शिक्षण खात्याला घ्यावी लागली. हवेच्या नियमांनी ती मुले अजून पाहिलेली नाहीत. इथेही अंतर शहरापासून मोजले आहे. उल्हासनगर, बदलापूर ही शहरे मानके न पाळणाऱ्यांच्या यादीत आहेत, म्हणून त्यांच्या दहा किलोमीटरांतले मुरबाडकडचे एखादे गाव घाईच्या गटात येते आणि टोकावडे, धसई, किन्हवली, डोळखांब ही गावे सवडीच्या गटात जातात. फुप्फुस दोन्हीकडे तेच आहे.

दोन्ही धुरांची गाठ इथे पडते. २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाची यादी शहरांची आहे. यंत्रे शहरांत बसली, मोजमाप शहरांत झाले, आणि मोजमाप झाले म्हणून शहरे प्रदूषित ठरली. गाव प्रदूषित ठरूच शकत नाही, कारण गाव त्या यादीत बसत नाही. मग वीजकेंद्राचा गट ठरवताना जवळ दहा लाखांचे शहर आहे का, हा प्रश्न विचारला जातो आणि उत्तर नाही आले की तो ‘क’ गट होतो. समृद्धी महामार्गासाठी डोंगर फुटले, खडी क्रशरची धूळ भाताच्या लोंब्यांवर बसली, भट्ट्यांचा धूर पाड्यांवर राहिला, वर कुठल्या तरी उंच चिमणीचे सल्फेट मिसळले, तरी शहापूरची हवा बिघडली असे म्हणायला सरकारी आकडा लागतो आणि आकड्यासाठी यंत्र लागते. उद्योगाने मोजण्याची जागा बदलली तेव्हा ती या रिकाम्या जागी नेली, जिथे कोणी मोजतच नाही.

डहाणूच्या लोकांना २००७ साली जे मिळाले, ते दिल्लीच्या कृपेने मिळाले नव्हते. तालुक्यात बसून अट वाचणारे, ती पुन्हा पुन्हा दाखवणारे आणि हमीची रक्कम मागणारे कोणी तरी होते. शहापूर तालुका पूर्ण आणि मुरबाडमधली काही गावे अनुसूचित क्षेत्रात आहेत. पेसा कायद्याने तिथल्या ग्रामसभांच्या हाती ठरावाचे बळ दिले आहे. ते बळ जमीन आणि गौण खनिजापुरते ठेवू नये. प्रत्येक ग्रामसभेने ठराव करून महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तीन गोष्टी मागाव्यात: दोन्ही तालुक्यांत हवा मोजणारे कायमचे यंत्र, त्यात पीएम २.५ सोबत सल्फेटची नोंद, आणि प्रत्येक वीटभट्टीच्या परवानगीवर भोंग्यांपासूनचे अंतर लिहिण्याची सक्ती. ‘क’ गटातल्या केंद्रांना चिमणीची उंची सिद्ध करण्याची मुदत ३१ डिसेंबर २०२९ आहे. गावांनी तितके थांबू नये. येत्या दिवाळीनंतर पहिली भट्टी लागण्याच्या आत हे ठराव मंडळाच्या दप्तरी गेले पाहिजेत.